गाडी कुठं आलीया? कारखाना, मशीनशॉप, ट्रान्सपोर्टर आणि ग्राहक यांची एकच डिजिटल नोंद कशी उभी करायची

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्याही डिस्पॅचच्या, म्हणजे माल रवाना करायच्या खोलीत संध्याकाळी सहानंतर तासभर बसा. चाकणहून ग्राहकाच्या स्टोअरचा फोन येतो, "गाडी कुठं आलीय?" डिस्पॅचवाला ट्रान्सपोर्टरला विचारतो, ट्रान्सपोर्टर ड्रायव्हरला. उत्तर त्याच वाटेनं उलटं येतं, "आत्ताच किणी टोल सोडला बघा मालक." हे चाकणला कळेपर्यंत गाडी कराडच्या पुढं गेलेली असते, नाहीतर किणीजवळच जेवायला थांबलेली असते. चार माणसांचा वेळ गेला आणि नक्की माहिती कुणालाच मिळाली नाही.

मी बरीच वर्षं अशा फोनांच्या मधोमध बसलो आहे, आधी फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतून नग बनवणाऱ्या कारखान्याच्या डिस्पॅचला आणि मग मशीनशॉप (ओतलेल्या नगावर मशीननं पुढचं काम करून देणारे), ट्रान्सपोर्टर आणि ग्राहक यांना एका डिजिटल नोंदीवर आणायच्या कामात. त्यात एकदा पडलोही. एका चांगल्या, महागड्या सॉफ्टवेअरवर आम्ही सगळ्यांना आणायला गेलो आणि चार महिन्यांत ते बंद पडलं. सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतं. नोंद करायची ड्रायव्हरनं आणि मशीनशॉपच्या मालकानं, पण तिचा फायदा फक्त आम्हाला आणि ग्राहकाला होत होता. पहिल्या महिन्यात त्यांनी आमच्या शब्दाखातर नोंदी केल्या, नंतर सोडून दिल्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. नोंद करणाऱ्याला तिचा फायदा त्याच आठवड्यात दिसला पाहिजे. पुढचं सगळं या मताच्या आधारानं लिहिलं आहे. वीस ते दोनशे माणसांचा कारखाना, त्याच्या मालावर मजुरीनं काम करून देणारे पाचसात जॉबवर्कवाले, दोनतीन ट्रान्सपोर्टर आणि एखादा मोठा ग्राहक, असा पसारा मी समोर धरला आहे. उदाहरणं कास्टिंगची, म्हणजे ओतलेल्या नगांची आहेत, पण इचलकरंजीचं कापड किंवा मार्केट यार्डातला गूळ धरला तरी क्रम फारसा बदलत नाही.

आधी एका मालामागं चालत जा

सॉफ्टवेअरवाल्याला बोलावण्याआधी दोन दिवस काढा. नेहमी जाणारा एकच नग निवडा, समजा एखाद्या पंपाची बॉडी. वही घ्या आणि त्या मालाबरोबर फिरा. ओतकाम, फेटलिंग (जादा धातू काढणं), शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून साफ करणं), तिथून टेम्पोनं मशीनशॉपला, परत कारखान्यात, तपासणी, रंग, पॅकिंग, बिल, बिल्टी (ट्रान्सपोर्टरची माल घेतल्याची पावती), गेट. पुढं ग्राहकाचं गेट, त्यांची मोजणी, पोच (माल मिळाल्याची सही), बिलाची मंजुरी, पैसे.

प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी टिपा. इथं कोण काय लिहितं, कशावर लिहितं आणि का लिहितं. आम्ही हे केलं तेव्हा एकाच खेपेत गाडीचा नंबर नऊ ठिकाणी हातानं लिहिला जात होता आणि नगांचा आकडा अकरा ठिकाणी. मजकूर जितक्या वेळा नव्यानं लिहिला जाईल, तितक्या वेळा चुकायची संधी.

त्या काळातलं एक भांडण अजून लक्षात आहे. आमच्या चलनावर, म्हणजे मालाबरोबरच्या कागदावर, २४० नग, मशीनशॉपच्या आवक रजिस्टरला २३६. तीन आठवडे दोन्हीकडून फोन झाले आणि शब्दाला शब्द वाढला. शेवटी चार नग आमच्याच शॉट ब्लास्टिंगच्या कोपऱ्यात सापडले. चलन आधीच्या दिवशीच्या मोजणीवर बनलं होतं आणि माल भरताना कुणी पुन्हा मोजला नव्हता. मशीनशॉपच्या मालकाचा शब्द खरा होता, पण ते सिद्ध करायला त्याच्याकडं स्वतःच्या रजिस्टरशिवाय काही नव्हतं. माल उतरताना त्याच मिनिटाला दोघांना दिसेल अशी एक नोंद असती, तर ते तीन आठवडे वाचले असते.

"का लिहितं" हा प्रश्न सोडू नका. वॉचमन गाडीचा नंबर लिहितो तो चोरीच्या भीतीनं, अकाउंट्सवाला लिहितो तो जीएसटीसाठी, ट्रान्सपोर्टरचा मुकादम लिहितो तो भाड्यासाठी. नव्या नोंदीतून हे तिन्ही भागले तरच जुनी रजिस्टरं बंद होतील. एखादा हेतू राहून गेला, तर ते रजिस्टर चालूच राहतं आणि कामावर काम वाढतं.

घटना कमी ठरवा, पण त्यांचा अर्थ पक्का करा

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी आणि सगळ्यात जास्त घाईत उरकली जाणारी पायरी ही.

सामायिक प्लॅटफॉर्म म्हणजे शेवटी घटनांची यादी असते. काय झालं, केव्हा झालं, कुठं झालं, किती नग आणि कुणी नोंदवलं. सुरुवातीला सहा घटना पुरतात: माल भरला, गाडी गेटबाहेर पडली, गाडी पोचली, माल उतरून मोजला, फरक किंवा नापास नग नोंदवले, पोच मान्य झाली. सॉफ्टवेअरवाला तीस घटनांची यादी घेऊन येईल. ती बाजूला ठेवा.

आता प्रत्येक घटनेचा अर्थ सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवून ठरवा. "माल निघाला" म्हणजे काय? आमच्या बैठकीत या एका शब्दाचे चार अर्थ निघाले. अकाउंट्सच्या लेखी बिल छापलं की माल निघाला. डिस्पॅचच्या लेखी गाडी भरली की निघाला. वॉचमनच्या लेखी गेट ओलांडलं की. ट्रान्सपोर्टरच्या लेखी गाडी हायवेला लागली की, कारण दोन ठिकाणचा माल एकत्र भरायचा असेल तर आमच्या गेटमधून निघालेली गाडी गोकुळ शिरगावला आणखी तीन तास उभी असायची. ग्राहकाला "निघाला" असं कळायचं आणि तो रात्री अकराला माणसं थांबवून ठेवायचा. कुणी खोटं बोलत नव्हतं. शब्द एक होता आणि अर्थ चार होते.

"पोचला" या शब्दाचंही तसंच. गाडी ग्राहकाच्या गेटाबाहेर रांगेला लागली ती वेळ धरायची, की आत घेतली ती? ट्रान्सपोर्टरच्या हॉल्टिंगच्या, म्हणजे गाडी खोळंबल्याच्या पैशाचा सगळा वाद या दोन वेळांच्या मधला असतो. म्हणून माझा आग्रह आहे की "गाडी पोचली" या एकाच घटनेत या दोन वेळा वेगळ्या नोंदवा. "गेटावर आली" ही ड्रायव्हरनं करायची आणि "आत घेतली" ही ग्राहकाच्या सिक्युरिटीनं. ही एक वेळ वाढवली म्हणून आमच्याकडचे दोन्ही ट्रान्सपोर्टर मनापासून तयार झाले. हॉल्टिंगचा पुरावा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळत होता.

हे अर्थ साध्या मराठीत एका पानावर लिहा आणि ते पान प्रत्येक गेटवर चिकटवा.

नावं, मापं आणि ट्रे

कारखान्यात त्या नगाला "मोठी बॉडी" म्हणतात, मशीनशॉपला "तीन होलची", आणि ग्राहकाकडं तो ड्रॉइंग नंबर असतो. सामायिक नोंदीत ग्राहकाचा ड्रॉइंग नंबर आणि त्याची सुधारित आवृत्ती हीच ओळख धरा. बोलीतली नावं शेजारी दिसू द्यात, नाहीतर कामगाराला नग ओळखता येणार नाही. आवृत्ती वेगळ्या रकान्यात ठेवाच. जुन्या ड्रॉइंगवर मशीनिंग झालेली खेप परत येते तेव्हा होणारं नुकसान वर्षभराच्या सॉफ्टवेअरच्या खर्चाला भारी पडतं.

मापाचं एक कोल्हापुरी दुखणं आहे. कास्टिंगचा भाव किलोवर, मशीनिंगचा नगावर, भाडं टनावर नाहीतर गाडीवर. म्हणून प्रत्येक खेपेत नग आणि वजन दोन्ही नोंदवा आणि प्रत्येक नगाचं ठरलेलं वजन यादीत घाला. नग गुणिले वजन आणि वजनकाट्याची पावती यांत ठरलेल्या टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला, तर गाडी गेटवरच थांबेल. वरच्या गोष्टीतले चार नग अशानं तिथंच सापडले असते.

परत येणाऱ्या ट्रे आणि बिनची मोजणी पहिल्या दिवसापासून घाला. यांचं चलन कुणी मनावर घेत नाही आणि वर्षाअखेर शेकड्यांनी ट्रे कुठं गेले ते कळत नाही. मालाइतकाच त्यांचाही हिशेब खेपेला लागला पाहिजे.

साधन: पायरीनं चढा

सुरुवात सगळ्यांना उघडता येईल अशा एका ऑनलाइन तक्त्यानं आणि मोबाइलवरच्या छोट्या फॉर्मनं करा. प्रत्येक चलनावर क्यूआर कोड छापा. तो मोबाइलनं वाचला की त्या खेपेचा फॉर्म उघडेल, ड्रॉइंग नंबर आणि नग आधीच भरलेले दिसतील, समोरच्यानं फक्त "बरोबर" किंवा "फरक आहे" दाबायचं आणि फोटो जोडायचा. हे एका तरुण अकाउंटंटला आठवड्यात जमतं. यात पुढं अडचणी येतील. तक्त्यात कुणीही काहीही खोडू शकतो, खेपा वाढत गेल्या की तो जड होतो. पण त्या अडचणींतूनच तुम्हाला खरं काय लागतं ते कळतं, आणि मग प्लॅटफॉर्म निवडताना तुम्ही विक्रेत्याच्या नाही, तुमच्या यादीवर बोलता.

तयार प्लॅटफॉर्म घेताना मी चार गोष्टी विचारतो. मराठी, हिंदी आणि कन्नड तिन्हीत चालतो का? नेट नसताना नोंद मोबाइलमध्ये राहून नंतर वर जाते का? आपल्या टॅलीशी किंवा इतर हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी आपोआप जोडता येतो का? आणि सोडायचा झाला तर सगळी माहिती उघडता येईल अशा साध्या फाइलमध्ये परत मिळते का? चौथ्या प्रश्नाला लेखी उत्तर मिळालं नाही, तर मी पुढं बोलत नाही.

जोडणीचा मुद्दा जरा खोलात बघू, कारण खरी मेहनत तिथं वाचते. मालाच्या वाहतुकीसाठी लागणारं ई-वे बिल काढताना आपण माल, किंमत, पाठवणारा, घेणारा आणि गाडी नंबर सरकारी पोर्टलवर भरतोच. वर्षाला ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइसही (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) बंधनकारक आहे. म्हणजे खेपेची निम्मी माहिती आधीच एका ठरलेल्या साच्यात तयार असते. ती पुन्हा टाइप करायला लावणारा प्लॅटफॉर्म नकोच. बिल तयार झालं की खेप आपोआप उघडली पाहिजे.

दुसरा आधार युलिपचा, म्हणजे युनिफाइड लॉजिस्टिक्स इंटरफेस प्लॅटफॉर्मचा. १७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर तो जाहीर झाला. वाहन (गाड्यांची नोंदणी), सारथी (ड्रायव्हरचे परवाने), फास्टॅग अशा वेगवेगळ्या सरकारी यंत्रणांतली माहिती तो एका दारातून देतो. छोट्या कारखान्याला तिथं थेट जोडणी करत बसायची गरज नाही. ज्याचं अ‍ॅप युलिपला जोडलेलं आहे असा विक्रेता निवडला की झालं. फायदा असा की गाडीचा नंबर टाकताच फिटनेस, विमा आणि परवाना चालू आहे का ते भरण्याआधी कळतं.

फास्टॅगची माहिती मला जीपीएसपेक्षा उपयोगी वाटते. पुण्याच्या वाटेवर किणी, तासवडे, आणेवाडी, खेड शिवापूर असे चार टोल आहेत. गाडी टोल ओलांडते तेव्हा नोंद होते, ड्रायव्हरला काही करावं लागत नाही आणि गाडीत यंत्रही बसवावं लागत नाही. दोन टोलांच्या मधे गाडी कुठं आहे ते कळणार नाही, पण तासवडे ओलांडल्यावर चाकणला साधारण किती वाजता पोचेल हे डिस्पॅचवाल्याला तोंडपाठ असतं. तोच अंदाज प्लॅटफॉर्ममध्ये बसवा आणि ग्राहकाच्या स्टोअरला आपोआप संदेश जाऊ द्यात. आमचे संध्याकाळचे फोन निम्म्यावर आले ते या एका गोष्टीनं.

ड्रायव्हरच्या मोबाइलवरून ठिकाण घ्यायचं असेल, तर त्याला विचारून आणि त्याच्या भाषेत समजावूनच घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आहे आणि संमती हा त्याचा पाया आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. खेप संपली की ठिकाण दिसणं बंद झालं पाहिजे. घरी गेलेला माणूस कुठं आहे हे बघायचा हक्क कुणालाच नाही.

मालकी कुणाची, आणि कुणाला काय दिसणार

जगातल्या एका मोठ्या प्रयोगाकडून शिकण्यासारखं आहे. जहाज वाहतुकीतली मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ साली ट्रेडलेन्स नावाचा सामायिक प्लॅटफॉर्म आणला. जहाज कंपन्या, बंदरं, कस्टम्स सगळ्यांना एका नोंदीवर आणायचं, असा विचार होता. तंत्रज्ञान तयार होतं, मोठी नावं जोडलीही गेली. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद करत असल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि २०२३ च्या पहिल्या तिमाहीअखेर तो थांबला. साऱ्या उद्योगाचं हवं तितकं सहकार्य मिळालं नाही, हे कारण त्यांनीच दिलं. त्या प्लॅटफॉर्ममागं स्पर्धकच उभा आहे, ही शंका इतर जहाज कंपन्यांनी सुरुवातीपासून बोलून दाखवली होती.

हाच पेच शिरोलीत आणि उद्यमनगरात छोट्या आकारात भेटतो. एकच मशीनशॉप तीन फाउंड्र्यांचं काम करतं. माझ्या प्लॅटफॉर्मवर त्यानं मशीनची मोकळी वेळ भरली, तर मी त्याचा भाव पाडेन ही भीती त्याला असते, आणि ती रास्त आहे. ट्रान्सपोर्टरला भीती असते की त्याच्या गाड्या कुठं जातात हे कळलं की आपण त्याला टाळून थेट गाडीवाल्याला गाठू.

म्हणून नोंद सामायिक ठेवा, पण तिच्यात भाव ठेवू नका. मशीनिंगचा दर, भाडं, विक्रीची किंमत यांतलं काहीही सामायिक पानावर नको. मशीनशॉपला त्याच्या खेपा दिसाव्यात, दुसऱ्या मशीनशॉपच्या नकोत. ट्रान्सपोर्टरला गाडी, वजन, वेळा आणि पोच दिसावी. ग्राहकाला त्याच्या मालाची वाटचाल दिसावी, पण तो नग आमच्याकडं किती वेळा नापास होऊन परत ओतला ते दाखवायचं की नाही, हे आधी बोलून ठरवा. हे सगळं एका कागदावर तक्ता करून लिहा आणि सह्या घ्या.

त्याच कागदावर आणखी चार ओळी हव्यात. कोणती घटना किती तासांत कुणी नोंदवायची. चुकलेली नोंद खोडायची नाही, दुरुस्तीची नवी नोंद करायची, म्हणजे जुनी कायम दिसत राहील. फरक आला तर कोणत्या दोन माणसांनी किती दिवसांत मिटवायचा. आणि एखाद्यानं बाहेर पडायचं ठरवलं, तर त्याच्या खेपांची माहिती त्याला द्यायची. या कागदाला वकील लागत नाही. मोकळेपणानं बोलायची तयारी असलेली एक दुपार लागते.

पोच आणि पैसे: इथंच प्लॅटफॉर्म टिकतो

पोचेचा कागद ड्रायव्हरच्या खिशातून ट्रान्सपोर्टरच्या कचेरीत, तिथून कारखान्यात, मग अकाउंट्सच्या फायलीत. तोवर पंधरा-वीस दिवस सहज जातात, आणि पोच नाही म्हणून भाडं नाही. पावसात भिजलेली किंवा सही न वाचता येणारी पोच आली, तर आणखी उशीर.

सामायिक नोंदीत सही-शिक्क्याच्या पोचेचा फोटो ग्राहकाच्या गेटवरूनच वर चढतो. यावर एक नियम करा. फोटो चढला आणि ग्राहकानं नग मान्य केले की ट्रान्सपोर्टरच्या भाड्याचा ठरलेला भाग दोन दिवसांत खात्यावर जाणार. आम्ही हे सुरू केलं त्या आठवड्यापासून नोंदीसाठी कुणाच्या मागं लागावं लागलं नाही. ड्रायव्हर स्वतः विचारू लागले, "साहेब, फोटो आला का नीट?" कारण त्यांचा पुढचा अ‍ॅडव्हान्स त्यावर होता.

मशीनशॉपसाठी फायदा वेगळा आहे, आणि तो कायद्यातच लिहिलेला आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे द्यायची मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवस. ती मोजायची माल किंवा काम स्वीकारल्यापासून, आणि पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर पोचला तो दिवसच स्वीकृतीचा धरला जातो. आयकर कायद्यात ४३ब(ह) म्हणून आलेल्या तरतुदीमुळे आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, मुदतीत न दिलेली रक्कम देणाऱ्याला ती प्रत्यक्ष देईल त्याच वर्षाच्या खर्चात धरता येते. म्हणजे "माल कधी पोचला आणि हरकत कधी घेतली" या दोन तारखांना आता पैशाचं वजन आहे. सामायिक नोंदीत त्या दोन्ही तारखा दोन्ही बाजूंना सारख्याच दिसतात. मशीनशॉपच्या मालकाला हे नीट समजावून सांगा. तो स्वतःहून वेळेवर नोंद करेल.

ग्राहक मोठा असेल, तर ट्रेड्स (TReDS) या बिलं वटवायच्या ऑनलाइन व्यवस्थेचा विचार जरूर करा. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनं चालणाऱ्या या व्यवस्थेत ग्राहकानं मान्य केलेलं बिल बँका बोली लावून वटवतात, आणि ग्राहकानं नंतर पैसे थकवले तरी बँक पुरवठादाराकडं वसुलीला येत नाही. आरएक्सआयएल आणि इनव्हॉइसमार्ट ही त्यातली दोन नावं. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथं नोंदणी सक्तीची झाली आहे. बिल मान्य व्हायला मालाची पोच आणि मोजणी निर्विवाद लागते, आणि ती तर तुमच्याकडं आता तयार आहे.

जॉबवर्कच्या चलनांचं वयही प्लॅटफॉर्मवर दिसू द्यात. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल जीएसटीच्या कलम १४३ नुसार एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर पाठवला त्या दिवशी तो विकला असं धरलं जातं. दहा महिने झालेलं चलन लाल दिसलं पाहिजे. याची फिकीर तुमच्या सीएला असेल, पण माल कुठल्या कोपऱ्यात पडला आहे हे त्याला माहीत नसतं.

सहा आठवडे, एक वाट

एक नग, एक मशीनशॉप, एक ट्रान्सपोर्टर, एक ग्राहक घेऊन सुरू करा. पहिले दोन आठवडे जुनी रजिस्टरं आणि नवी नोंद दोन्ही चालू ठेवा, रोज संध्याकाळी ताडून बघा. तिसऱ्या आठवड्यात त्या एका वाटेसाठी रजिस्टर बंद करा. हा निर्णय मालकानं स्वतः गेटवर उभं राहून सांगावा. रजिस्टर चालू ठेवलं तर माणसं त्यावरच विश्वास ठेवतात आणि मोबाइलवर मागाहून भरतात, आणि मग वेळा खोट्या होतात.

मोजायचं ते थोडकं आणि सुरू करण्याआधीचे आकडे हातात असू द्यात. ग्राहकाच्या गेटवर गाडी किती वेळ थांबली. पोचेपासून भाडं मिळेपर्यंत किती दिवस गेले. शंभर खेपांत किती ठिकाणी नगांत फरक आला. आणि "गाडी कुठं आहे" असे फोन दिवसाला किती आले. शेवटचा आकडा मोजायला डिस्पॅचच्या टेबलावर वही ठेवून रेघा ओढल्या तरी चालतात. सहा आठवड्यांनी सगळ्या भागीदारांना बोलावून हे चार आकडे समोर ठेवा. त्यात ड्रायव्हर आणि मुकादमही असू देत.

प्रशिक्षण गेटवर उभ्या उभ्या दहा मिनिटांचं द्या. सभागृहात स्लाइड दाखवून वॉचमनला काही कळत नाही.

पाऊस, सीमा आणि नेट

कोल्हापूरकराला महापुराची आठवण करून द्यायला नको. २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ पाणी आलं आणि राष्ट्रीय महामार्ग काही दिवस बंद राहिला. त्या दिवसांत कुणाची गाडी कुठं अडकली आहे हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. हे दोन आकडे प्लॅटफॉर्मवर खुणा म्हणून घाला. पातळी ३९ कडं चालली की पुढच्या दोन दिवसांच्या खेपा सगळ्या भागीदारांना एकत्र दिसाव्यात, आणि कुठला माल आजच काढायचा, कुठला थांबवायचा हे ग्राहकासकट ठरावं. मशीनशॉप पाण्याच्या बाजूला असेल, तर त्याच्याकडचे तयार नग आधी उचला. माल कुणाकडं किती पडला आहे हे एका नजरेत दिसणं, याचं मोल अशा वेळी कळतं.

ई-वे बिलाची मुदत पावसात फार जणांना अडकवते. दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या काही भागाला एक दिवस, असा हिशेब आहे. चाकणचं अंतर २०० च्या वर जातं, म्हणून दोन दिवस मिळतात. गाडी अडकली तर मुदत संपण्याआधी ८ तास ते संपल्यानंतर ८ तास एवढ्याच वेळात ती वाढवता येते. ड्रायव्हर पुरात आणि ट्रान्सपोर्टरचा माणूस झोपेत, अशी रात्र आमच्यावर आली आहे. आता मुदतीला दहा तास उरले की ट्रान्सपोर्टर, कारखाना आणि ड्रायव्हर तिघांच्या मोबाइलवर इशारा वाजतो.

बेळगावकडं किंवा निपाणीकडं मशीनिंगला माल जात असेल, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. महाराष्ट्रात १ लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, पण कागलच्या पुढं कोगनोळीला सीमा ओलांडली की जॉबवर्कच्या मालाला किंमत कितीही कमी असली तरी ते लागतं. प्लॅटफॉर्मवर घेणाऱ्याचा पत्ता कर्नाटकातला निघाला, की ई-वे बिलाच्या नंबराशिवाय गेट पासच निघू नये, अशी अट घाला.

नेट जातं, वीज जाते, सर्व्हर बंद पडतो. प्रत्येक गेटवर छापील कोऱ्या चलनांचं एक पुस्तक ठेवा, त्यावर त्याच सहा घटना आणि तेच रकाने. नेट आलं की चोवीस तासांत नोंद वर चढवायची, आणि ती मागाहून भरली अशी खूण त्यावर उमटली पाहिजे.

पहिली वाट स्थिर झाली की दुसरा भागीदार कोण घ्यायचा, यावर बहुतेक जण दुसऱ्या ग्राहकाकडं धावतात. मी वाळूवाल्याकडं गेलो. ओतकामाच्या साच्यांना लागणारी सिलिका वाळू कोकणातल्या कासार्डे परिसरातून घाट चढून येते, पावसात घाट अडला की ओतकामच थांबतं, आणि आमच्याकडं किती दिवसांची वाळू शिल्लक आहे हे त्याला कधीच माहीत नसायचं. आता त्याला आमचा साठा रोज सकाळी दिसतो. गेल्या पावसाळ्यात घाटाची बातमी यायच्या दोन दिवस आधीच त्यानं जादा दोन गाड्या वर पाठवल्या आणि फोन करून एवढंच सांगितलं, "मालक, तुमची वाळू खाली चाललेली दिसली, म्हणून धाडल्या."